सरकारच्या पर्यावरण-वातावरणाच्या कामात फेलो व्हायचंय? मुंबईतून सुरुवात कशी करायची ते क्रमाने सांगते

गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या-अनोळखी बऱ्याच मुलामुलींचे मेसेज आले आणि सगळ्यांचा प्रश्न जवळपास एकच. कुणाचं एम.एस्सी. झालंय, कुणाचं इंजिनिअरिंग, एकीचं पीएचडी संपत आलंय, लॅबचा कंटाळा आलाय असं नाही पण आपण काढलेला आकडा कुठल्यातरी निर्णयात वापरला जावा असं वाटतं, मग सरकारच्या पर्यावरणाच्या कामात फेलो म्हणून शिरायचं तर नेमका दरवाजा कुठला? मी पर्यावरण विज्ञानात एम.एस्सी. केलं, मग दीड वर्ष एका खासगी लॅबसाठी कारखान्यांच्या धुरांड्यांवर चढून नमुने घेतले, आणि त्यानंतर एक वर्ष मुंबईतल्याच एका राज्यस्तरीय सरकारी कार्यालयात फेलो होते. पहिल्या खेपेला मी कागदपत्रांतच बाद झाले होते. तेव्हा हे सगळं एका जागी सांगणारं कुणी भेटलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं, म्हणून जे माहितीय ते सगळं इथे लिहितेय. लांब होईल, पण अर्ज भरायच्या आधी एकदा शेवटपर्यंत वाचा.

१. आधी "फेलोशिप" या शब्दाचा घोळ सोडवा

फेलोशिप म्हटलं की आपल्याकडे विज्ञानाच्या मुलांना पहिलं आठवतं ते जेआरएफ, म्हणजे नेट देऊन पीएचडीसाठी मिळणारं विद्यावेतन. ते वेगळं. इथे आपण बोलतोय ते सरकारी कार्यालयात ठरावीक मुदतीसाठी बसून धोरणाच्या कामात हात लावण्याबद्दल, यात थिसिस नसतो, गाईड नसतो, तुमचा साहेब हा प्रशासनातला अधिकारी असतो.

दुसरा घोळ सर्चमुळे होतो. तुम्ही "सायन्स पॉलिसी फेलोशिप" असं टाकलं की पहिली पानं सगळी अमेरिकेची येतात. तिथे ही परंपरा जुनी आहे, अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स १९७३ पासून पीएचडीवाल्यांना वॉशिंग्टनमधे पाठवतेय, आणि कॅलिफोर्नियात सीसीएसटी नावाची संस्था शास्त्रज्ञांना एक वर्षासाठी राज्याच्या विधिमंडळात आणि राज्याच्या खात्यांमधे बसवते. वाचायला फार छान वाटतं, कामाचं स्वरूप समजून घ्यायला जरूर वाचा, पण १९७३ वाल्या त्या पहिल्या फेलोशिपला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. माझ्या एका मैत्रिणीने तीन आठवडे खपून निबंध लिहिला आणि शेवटच्या पानावर ही अट वाचली. पात्रता आधी वाचायची, निबंध नंतर.

आपल्याकडे महाराष्ट्रात "सायन्स पॉलिसी फेलो" अशी पाटी लावलेला एकच एक दरवाजा नाहीये. तीन-चार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचं नाव वेगळं, वय वेगळं, जाहिरात यायची जागा वेगळी.

२. दरवाजे कोणते ते बघा

पहिला आणि सगळ्यात माहितीतला म्हणजे मुख्यमंत्री फेलोशिप. २०१५ ला सुरू झाली, मधे काही वर्षं बंद होती, २०२३ पासून परत सुरू झाली. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती राबवतं. ६० फेलो, मुदत १२ महिने, वय २१ ते २६, कुठल्याही शाखेची पदवी किमान ६० टक्क्यांनी, आणि एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव. एक तृतीयांश जागा महिलांसाठी. २०२५-२६ साठी विद्यावेतन ५६,१०० आणि प्रवासखर्च ५,४०० असे मिळून महिना ६१,५०० रुपये ठरले होते, आधीच्या खेपेला ही रक्कम जास्त होती, म्हणजे दरवेळचा शासन निर्णय नव्याने वाचायलाच हवा, मागच्या वर्षीच्या फेलोने सांगितलं म्हणून धरून चालू नका. सोबत आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रमही असतो.

पण यातली मेख समजून घ्या. इथे तुम्ही "मला पर्यावरण विभागच द्या" असं म्हणू शकत नाही. बहुतेकांना जिल्ह्यात जावं लागतं, जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद किंवा महापालिका आयुक्त यांच्या कार्यालयात. निराश व्हायचं काही कारण नाही, कारण पर्यावरणाचं खरं काम जिल्ह्यातच होतं. माझी वसुंधरा अभियान घ्या. २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पाच तत्त्वं धरून गावांना आणि शहरांना गुण मिळतात. हे गुण मिळवायचं काम ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका करतात. जिल्ह्यात बसलेल्या फेलोला यात मनापासून काम करायला भरपूर जागा आहे.

दुसरा दरवाजा थेट पर्यावरण व वातावरणीय बदल (म्हणजे क्लायमेट चेंज) विभागाचा. हा विभाग मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासकीय भवनात बसतो आणि त्याच्या अखत्यारीत राज्य वातावरणीय कृती कक्ष आहे. इथल्या जागा बहुतेक वेळा कंत्राटी असतात, आणि जाहिरातीत फेलो हा शब्द असेलच असं नाही, "तज्ज्ञ", "सल्लागार", "प्रकल्प सहयोगी" अशा नावांनी येतात. नुसतं "फेलोशिप" शोधत बसलात तर या जागा डोळ्यांसमोरून निघून जातात.

तिसरा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. मुख्यालय सायनला, कल्पतरू पॉइंटमधे. मंडळ ७ सप्टेंबर १९७० चं, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या पाणी कायद्याच्याही आधीचं. ज्यांना मोजमापात रस आहे, हवा-पाण्याचे नमुने, कारखाना चालवायची संमतीपत्रं, प्रदूषणानुसार कारखान्यांची लाल-नारिंगी-हिरवी वर्गवारी, त्यांनी इथल्या जाहिरातींवर नजर ठेवावी.

चौथा मुंबई महापालिका आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या संस्था. महापालिकेचा मुंबई वातावरण कृती आराखडा मार्च २०२२ मधे आला, तो करताना डब्ल्यूआरआय इंडिया ही संशोधन संस्था आणि सी-४० हा जगातल्या मोठ्या शहरांचा गट सोबत होते. अशा संस्थेत नोकरी करूनही तुम्ही महापालिकेच्याच टेबलावर बसता, हा मार्ग लोक विसरतात, आणि वयाने २६ पार केलेल्यांसाठी मला तरी हाच सगळ्यात सरळ वाटतो.

पीएचडीवाल्यांसाठी थोडं वेगळं. मुख्यमंत्री फेलोशिपचं वय तुमच्या थिसिसमधेच निघून जातं. तुम्ही केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची एसटीआय (विज्ञान, तंत्रज्ञान, नवोपक्रम) पॉलिसी फेलोशिप बघा, ती धोरण संशोधन केंद्रांमधे असते, बंगळुरूच्या आयआयएससीमधे असं एक केंद्र आहे. मुंबई सोडायची नसेल तर आयआयटी मुंबईत धोरण अभ्यासाचं केंद्र आहे, वातावरण अभ्यासाचंही केंद्र आहे, त्यांचे काही प्रकल्प सरकारी खात्यांसोबत चालतात.

तमिळनाडूने मात्र निव्वळ याच विषयाची मुख्यमंत्री ग्रीन फेलोशिप काढली, दोन वर्षांची, जिल्ह्याजिल्ह्यात हरित फेलो. आपल्याकडे तसं व्हावं असं मला मनापासून वाटतं, मुंबई, कोकण, मराठवाडा, तिन्हीकडे वातावरणाचा प्रश्न वेगळा आणि तिन्हीकडे माणसं हवीत.

३. कागदपत्रं आजच गोळा करा, जाहिरात आल्यावर नाही

मी याच पायरीवर पडले म्हणून इथे जास्त वेळ घेतेय.

माझ्याकडे दीड वर्षाचा अनुभव होता. लॅबने दिलेलं पत्र होतं. त्यात लिहिलं होतं, "यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले." बस्स. कधीपासून कधीपर्यंत ते नाही, पूर्णवेळ की अर्धवेळ ते नाही, पद नाही, सही खाली शिक्का नाही. पडताळणीच्या टेबलावर ते पत्र उलटं-सुलटं करून बघितलं गेलं आणि बाजूला ठेवलं. मी लॅबला फोन केला तर सही करणारे साहेब बाहेरगावी. दिवस संपला, संधी गेली. त्या टेबलावरच्या माणसाची काही चूक नव्हती, त्याला जे कागदावर दिसतंय तेच तो मानणार.

तर अनुभवपत्रात या गोष्टी हव्यातच: लेटरहेड, जावक क्रमांक असेल तर तो, तुमचं नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच्या तसं, पदाचं नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, "पूर्णवेळ" हा शब्द, सही, सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा आणि शिक्का. सोबत पगाराच्या स्लिपा किंवा बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा. इंटर्नशिप धरतात का, स्वतःचा व्यवसाय धरतात का हे त्या त्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, तेवढा परिच्छेद तीनदा वाचा.

बाकी लागतं ते हे:

दहावी, बारावी, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र
सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतराचं विद्यापीठाचं पत्र किंवा गुणपत्रिकेमागचं सूत्र
जन्मतारखेचा पुरावा
आधार, पॅन
अधिवास प्रमाणपत्र, मागितलं तर
नावात बदल असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र
बँक पासबुकाचं पहिलं पान
फोटो आणि सही ठरलेल्या साइजमधे स्कॅन केलेली

सीजीपीएचं लय जण हलक्यात घेतात. ६० टक्क्यांची अट आहे आणि तुमच्याकडे ६.७ असा आकडा आहे, म्हणजे किती टक्के? प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं. स्वतः दहाने गुणून टाकू नका, विद्यापीठाकडून लेखी घ्या, आणि हे पत्र एका दिवसात मिळत नाही, परीक्षा भवनात दोन-तीन चकरा धरूनच चला.

नावाचंही तसंच. आधारवर "सुनिता", मार्कशीटवर "सुनीता" एवढ्या वेलांटीवरून ऑनलाइन फॉर्म अडतात. अधिवास प्रमाणपत्र आपले सरकार पोर्टलवरून किंवा जवळच्या सेतू केंद्रातून निघतं, जून-जुलैमधे कॉलेज प्रवेशांची गर्दी असते तेव्हा टाळा.

आणि पैसे फक्त अधिकृत पोर्टलवर भरायचे. मुख्यमंत्री फेलोशिपचं अर्जशुल्क ५०० रुपये होतं. त्याच्यापुढे "तुमचं सिलेक्शन करून देतो", "डायरेक्ट विभागात लावतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर तो सरळसरळ फसवतोय, नंबर ब्लॉक करा आणि सोबतच्यांनाही सांगा.

४. परीक्षेची तयारी

यावर फार लिहीत नाही. मुख्यमंत्री फेलोशिपला आधी ऑनलाइन वस्तुनिष्ठ परीक्षा असते, सामान्यज्ञान, तर्क, मराठी-इंग्रजी, गणित, कॉम्प्युटर. स्पर्धा परीक्षेची कुठलीही नीट पुस्तकं चालतात. त्यातून वरचे २१० जण निबंध आणि मुलाखतीला बोलावतात. गाळण तिथे होते. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनी मराठीला कमी लेखू नका, रोज एक अग्रलेख मोठ्याने वाचा आणि त्याचा चार ओळींत सारांश हाताने लिहा, दोन महिन्यांत फरक दिसतो.

५. वाचायचं काय

कायद्याचा सांगाडा डोक्यात पाहिजे. पाणी कायदा १९७४, हवा कायदा १९८१, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना २००६, सीआरझेडची, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगत काय करता येतं याच्या नियमांची, २०१९ ची अधिसूचना. पाठ करायची नाहीत, कुठला प्रश्न कुठल्या कायद्याखाली येतो एवढं कळलं पाहिजे. भरतीच्या रेषेपासून अमुक अंतरावरचं बांधकाम म्हटलं की सीआरझेड, कारखान्याची चिमणी म्हटलं की हवा कायदा आणि मंडळाचं संमतीपत्र.

मग मुंबईचा वातावरण आराखडा. तो पूर्ण वाचा, नुसता सारांश नको. त्यात २०१९ सालचं मुंबईचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन धरलंय आणि त्यातला ७२ टक्के वाटा ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः आपल्या घरा-ऑफिसातल्या विजेचा. वाहतूक २० टक्के, कचरा ८ टक्के. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला होता, कारण माझ्या डोक्यात मुंबई म्हणजे ट्रॅफिक आणि देवनारचा कचऱ्याचा डोंगर. आराखडा २०५० पर्यंत नेट झिरोचं (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषण) लक्ष्य धरतो, आणि २०२४ पासून महापालिका अर्थसंकल्पासोबत वातावरणाचा वेगळा हिशोबही मांडतेय. आराखड्यातली एखादी कृती घ्या आणि तिच्यासाठी पैसे कुठल्या खात्यात दाखवलेत ते शोधून बघा, एवढा एक अभ्यास केलात तरी मुलाखतीत तुम्ही वेगळे दिसाल.

शासन निर्णय वाचायची सवय लावा. राज्याच्या संकेतस्थळावर विभागवार सगळे जीआर आहेत. पर्यावरण विभाग निवडा आणि मागच्या दोन वर्षांचे नुसते विषय वाचत जा. जीआर, परिपत्रक आणि अधिसूचना यातला फरक इथेच कळतो. प्लास्टिकबंदीची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना होती, ती कायद्याखाली निघाली म्हणून मोडली तर दंड करता येतो, नुसत्या परिपत्रकावर तसं करता येत नाही. विषय कुठल्या विभागाचा हेही यातूनच कळतं, २०२१ चं इलेक्ट्रिक वाहन धोरण परिवहनने काढलं असेल असं सगळ्यांना वाटतं पण ते पर्यावरण विभागाने काढलं होतं.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. पेपरात "हवामान बदल" लिहितात, विभागाच्या नावात "वातावरणीय बदल" आहे. विभागाला अर्ज करताना विभागाचा शब्द वापरा. मिटिगेशनला (उत्सर्जन कमी करणं) काही जण उपशमन म्हणतात काही सौम्यीकरण, ॲडाप्टेशनला (बदलाशी जुळवून घेणं) अनुकूलन, हे शब्द तोंडात बसेपर्यंत थोडे दिवस जातात.

६. टिप्पणी लिहायला शिका, हे सगळ्यात महत्त्वाचं

कुणी मला एकच गोष्ट सांग म्हटलं तर मी हीच सांगेन. टिप्पणी म्हणजे साहेबांनी वाचून निर्णय घ्यावा म्हणून फाइलवर ठेवायचा लेखी मजकूर.

रुजू होऊन दहाएक दिवस झाले होते. हिवाळ्यातल्या धुळीवर एक टिप्पणी लिहायला सांगितली. मी रात्र जागून चार पानं लिहिली, आलेख टाकले, शोधनिबंधांचे दाखले दिले. पहिलंच वाक्य होतं, "बृहन्मुंबई क्षेत्रातील सूक्ष्म धूलिकणांच्या सांद्रतेमध्ये लक्षणीय हंगामी परिवर्तनशीलता आढळून येते." कक्ष अधिकारी मॅडमनी चष्मा वर केला, पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं, आणि म्हणाल्या, "अगं, साहेबांसमोर हे दीड मिनिट राहणार. त्यांनी काय करायचंय ते यात कुठंय?"

ते कुठेच नव्हतं. चार पानांत मी फक्त काय होतंय ते सांगितलं होतं.

मग त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि आम्ही दोघींनी मिळून ते एका पानावर आणलं. शेवटी मजकूर साधारण असा झाला: "नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वारा मंदावतो व धूळ जमिनीलगत साठून राहते. पीएम २.५ ची २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. सोबतच्या तक्त्यातील केंद्रांवर ती वारंवार ओलांडली गेली आहे. सबब, बांधकामस्थळांची तपासणी डिसेंबरऐवजी ऑक्टोबरपासून सुरू करण्यास मान्यता असावी." आलेख गेले परिशिष्टात. मला तेव्हा थोडं वाईट वाटलं, आपलं विज्ञान कापलं असं वाटलं. पण त्या टिप्पणीवर सही होऊन ती खाली आली आणि माझ्या एम.एस्सी.च्या अख्ख्या थिसिसवर कुणी काही केलं नव्हतं, हे मला घरी जाताना लोकलमधे कळलं.

टिप्पणीचा साचा सगळीकडे साधारण हाच: वर विषय, मग संदर्भ, म्हणजे कुठली पत्रं, कुठला जीआर, तारखेसकट, मग क्रमांक घातलेले परिच्छेद, आधी पार्श्वभूमी, मग वस्तुस्थिती, मग नियम काय म्हणतो, मग प्रस्ताव, खर्च असेल तर लेखाशीर्ष, म्हणजे पैसे कुठल्या सरकारी खात्यातून ते, आणि शेवटी "मान्यतेस्तव सादर" किंवा "अवलोकनार्थ सादर". या दोन्हीत गोंधळ करू नका. निर्णय हवा असेल तर मान्यतेस्तव. नुसतं बघायला पाठवलेली नस्ती, म्हणजे फाइल, बघून परत येते.

घरबसल्या सराव करता येतो. ऑक्टोबर २०२३ मधे मुंबईची हवा फार बिघडली तेव्हा महापालिकेने बांधकामाच्या धुळीसाठी २७ मुद्द्यांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, ७० मीटरहून उंच इमारतीला किमान ३५ फुटी पत्र्याचं कुंपण वगैरे, आणि त्याच महिन्याच्या शेवटी उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. त्या सूचना घ्या, तुमच्या घराजवळचं एक बांधकाम बाहेरून बघा, कुंपण आहे का, हिरवं कापड आहे का, ट्रक बाहेर पडताना चाकं धुतात का, आणि त्यावर वॉर्ड अधिकाऱ्याला उद्देशून एक पानी टिप्पणी लिहा. पाच अशा लिहिल्यात की हात बसतो. पीएम २.५ म्हणजे काय हे विज्ञान न शिकलेल्या माणसाला एका ओळीत सांगता येतं का तेही बघा. मी असं लिहायचे: "केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाइतका बारीक कण, जो नाकात न अडकता फुप्फुसात खोल जातो."

७. मुलाखत

वातावरण बदलावरचं भाषण नको, ते सगळे करतात. २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, हे वाक्य पॅनेलने खूप वेळा ऐकलेलं असतं. त्याच्या पुढे जा. तुमच्या भागातला एक प्रश्न घ्या, छोटाच घ्या, आणि चार गोष्टी तयार ठेवा: आकडा कुठून आला, कुठल्या कार्यालयाचं काम, कुठल्या कायद्यात किंवा योजनेत बसतं, आणि उद्या सकाळी पहिलं काय करायचं.

मला विचारलं होतं, "तुमच्या मोजमापावर कारखानदार विश्वास ठेवत नाही असं म्हणाला तर?" मी सांगितलं की फिल्टर पेपर आधी आणि नंतर कसा वजन करतात, कोरा पेपर पांढराशुभ्र असतो आणि आठ तासांनी काढला की कधी राखाडी कधी तपकिरी निघतो, ते त्याच्यासमोर काढायचं, त्याची सही घ्यायची, आणि नमुन्याचा एक भाग त्याला मागता येतो का ते कायद्यात बघायचं. हाताने केलेलं काम सांगा. ते पाठ करावं लागत नाही.

"जिल्ह्यात जाल का?" विचारतात. जाणार असाल तरच हो म्हणा. नंतर माघार घेतलीत तर प्रतीक्षायादीवरच्या कुणाचंतरी वर्ष वाया जातं.

८. पहिला महिना

मंत्रालय परिसरात प्रवेशपास लागतो, ओळखपत्र हातात येईपर्यंत रोज रांग धरा आणि अर्धा तास जास्त घेऊन निघा. पहिलं विद्यावेतन वेळेवर येईलच असं समजू नका. मला पहिल्या दोन महिन्यांचं एकदम तिसऱ्या महिन्यात मिळालं, बाहेरगावहून मुंबईत येणाऱ्यांनी डिपॉझिट, भाडं आणि खानावळ धरून तीन महिन्यांची तरतूद हाताशी ठेवूनच यावं. टीडीएस कापणार का ते लेखा शाखेत पहिल्याच आठवड्यात विचारा.

नस्ती कुठून कुठे जाते ते स्वतः चालत जाऊन बघा. सहायक, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव, सचिव. ई-ऑफिसमधे ते स्क्रीनवर दिसतं पण माणसं ओळखल्याशिवाय काम कळत नाही. आवक-जावकच्या टेबलावरच्या काकांना माहीत असतं तेवढं कुणालाच माहीत नसतं, त्यांच्याशी रोज दोन शब्द बोला. तुमच्यापेक्षा कमी शिकलेला पण वीस वर्षं त्याच विषयाची नस्ती सांभाळलेला सहायक तुमचा खरा गुरू आहे, त्याला अहो-जाहो करा आणि शिकवा म्हणा. मला सीआरझेडचा नकाशा वाचायला एका सहायकाने शिकवला, कुठल्या पुस्तकाने नाही.

अधिवेशन जवळ आलं की सगळं बदलतं. आमदारांचे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, उत्तर आज संध्याकाळी पाचच्या आत. त्या काळात रजा मागू नका, आणि डिसेंबरमधे नागपूरला जायची तयारी ठेवा. थकवा येतो खरा, पण सभागृहात तुमच्या तक्त्यातला आकडा वाचला जातो तेव्हा तो चुकीचा असून चालत नाही याची जबाबदारी अंगावर कळते, म्हणून प्रत्येक आकड्याचा मूळ कागद स्वतःजवळ ठेवायचा.

नियुक्तीचा आदेशही नीट वाचा. फेलोशिपमुळे सरकारी नोकरीवर हक्क येत नाही, त्या काळात दुसरी नोकरी करता येत नाही, आणि कार्यालयातली माहिती स्वतःच्या शोधनिबंधात वापरायची असेल तर लेखी परवानगी लागेल असं धरून चाला. संशोधनातून आलेल्यांची सगळ्यात जास्त चूक इथे होते, डेटा बघितला की पेपर दिसतो. पहिल्या महिन्यातच विचारून घ्या, शेवटी मागितलं तर वेळ जातो.

९. मुदत संपताना

शेवटचे सहा आठवडे नवीन काही हातात घेऊ नका. जे केलंय त्याची एक हस्तांतरण टिप्पणी करा: कुठला विषय, नस्ती क्रमांक, सध्या कुणाच्या टेबलावर, पुढचं पाऊल काय, कुणाला फोन करायचा. माझ्यानंतर चार महिने ती जागा रिकामी होती आणि तरी धुळीच्या तपासणीचं काम थांबलं नाही, कारण ती दोन पानं सहायकाकडे होती.

अनुभव प्रमाणपत्राचा अर्ज महिनाभर आधी द्या. मसुदा तुम्हीच करून न्या, पद, विभाग, रुजू आणि कार्यमुक्तीची तारीख, पूर्णवेळ, कामाचे तीन-चार मुद्दे. कार्यमुक्तीचा आदेश वेगळा असतो, तोही घ्या. आणि प्रमाणपत्र हातात आलं की त्यावर सही, शिक्का आणि जावक क्रमांक आहे का हे तिथेच उभं राहून बघा, मगच खाली उतरा.